डालड्याच्या डब्यातल्या सदतीस किल्ल्या : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इंदूरच्या जुनी इंदौर भागातला एक मराठी वाडा, खरेदीखत १९११ चं. चार भावंडांच्या संमतीनं तो विकायचा ठरला आणि सामान रामबागेतल्या फ्लॅटमध्ये हलवायला सुरुवात झाली. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील मी बदलले आहेत. किल्ल्यांबद्दल जे लिहितो आहे ते मात्र घडलं तसंच आहे.

थोरले बंधू माझे जुने मित्र, म्हणून त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणतो. तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये मी अठ्ठावीस वर्षं फिटिंग आणि ओतकाम शिकवलं. किल्ल्या जमवण्याचा नाद मला कधी नव्हता. पण कानस कुठे फिरली आहे, धातू साच्यातून आलाय की घणाखालून, हे हाताला कळतं. एवढ्या भांडवलावर मला बोलावणं आलं.

माळ्यावरून डालड्याचा एक डबा खाली आला होता. त्यात ३७ किल्ल्या होत्या. वहिनींच्या सासूबाई घरातल्या बंद पडलेल्या कुलपांच्या किल्ल्या याच डब्यात टाकत. किल्ली फेकायची नाही हा त्यांचा नेम. एवढंच असतं तर प्रश्नच आला नसता. पण २०१३ मध्ये धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा मांडवाच्या दारावर टांगायला 'राजवाडी' किल्ल्यांचे झुबके विकत आणले होते. लग्न आटोपलं आणि तेही याच डब्यात गेले. किती आणले होते हे कोणालाच नक्की आठवेना. वहिनी म्हणत दहा, धाकटे म्हणत पंचवीस.

अडचण

सजावटीच्या सामानाच्या एका व्यापाऱ्यानं फोटो पाहून सगळा डबा २२,००० रुपयांना मागितला. त्याला अस्सल-नक्कल यात रस नव्हता, हॉटेलच्या भिंतीसाठी हव्या होत्या. न्यू जर्सीला असलेल्या आत्येभावाला मोठ्या मोठ्या चार-पाच हव्या होत्या, दिवाणखान्यात चौकट करून लावायला. त्याची आई, म्हणजे या भावंडांची आत्या, वय ८६, म्हणत होती की घरच्या असतील तेवढ्या घरात ठेवा. वहिनी मला म्हणाल्या, "विकायला माझी ना नाही भाऊजी. पण सासूबाईंच्या कमरेची चाभी कुठल्या हॉटेलात लटकायला नको."

म्हणजे काम सोपं वाटत होतं: घरच्या वेगळ्या काढा, आणलेल्या वेगळ्या काढा. पण मी पोचेपर्यंत एक गोष्ट होऊन गेली होती. व्यापारी बघायला येणार म्हणून वहिनींनी नऊ किल्ल्या चिंच-मिठानं घासून लख्ख केल्या होत्या. त्यात त्यांची काही चूक म्हणता येत नाही, आपल्याकडे पितळ दिसलं की हात चिंचेकडे जातोच. पण जुन्या किल्लीवरचा काळपट थर, खाचांत बसलेला मेणचट मळ, कडीच्या आतली गंजाची तपकिरी पुटं हीच तिची साक्ष असते. ती नऊ किल्ल्यांची साक्ष मोरीतून वाहून गेली होती.

समोरचे पर्याय

सगळा डबा व्यापाऱ्याला देणं सर्वांत सोपं होतं आणि दोन भाऊ त्या बाजूला होते. दुसरा विचार असा होता की मोठ्या आणि नक्षीदार त्या 'जुन्या' धरून वाटणी करायची, बारीकसारीक भंगारात घालायची. हा पर्याय मला सगळ्यात घातक वाटला. वाड्यात रोज वापरायची किल्ली कमरेला खोचली जाते, तिला फुलापानांची कडी आणि वीतभर दांडी सोयीची नसते.

धाकटे म्हणाले, प्रत्येकीवर कानसेचा एक हात मारू, आतला रंग दिसेल. रंग दिसला असता, हे खरं. पण अस्सल किल्लीवर कायमचा ओरखडा राहिला असता. मी नको म्हटलं. मग ठरलं की काहीही न खरवडता जेवढं कळेल तेवढं घरीच पाहायचं.

कायद्याची बाजूही मी तेव्हाच मांडली, कारण न्यू जर्सीच्या बॅगेचा प्रश्न होता. १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, कारागिरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुराणवस्तू ठरू शकते. ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. वस्तू त्यात मोडत नसेल तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येतो. घरातली साधी कोठाराची किल्ली त्यात बसेल की नाही यावर वाद घालता येईल. विमानतळावर तो वाद घालायची पाळी येऊ नये, असं माझं म्हणणं होतं. म्हणून नियम केला की संशय असेल ती किल्ली बॅगेत जाणार नाही.

तपासणी

डबा एका पांढऱ्या चादरीवर उपडा केला. प्रत्येक किल्लीला दोऱ्यानं कागदी चिठ्ठी बांधून १ ते ३७ नंबर दिले आणि दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढले. घासणं पूर्ण बंद.

पहिल्यांदा चुंबक. लोखंडाच्या चिकटल्या, पितळेच्या आणि जस्ताच्या नाही. चुंबकानं खरं-खोटं ठरत नाही, फक्त दोन ढीग होतात. नकली किल्ली बिडाचीही असते आणि अस्सल किल्ली पितळेचीही असते.

मग वजन. सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानातून ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा दोन दिवसांसाठी आणला. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करायचा आणि दोऱ्याला बांधलेली किल्ली तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवायची. आकडा जितक्या ग्रॅमनं वाढतो तितके घनसेंटिमीटर तिचं आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागलं की घनता मिळते. पोकळ दांडीच्या किल्लीत हवा अडकते, ती हलवून बाहेर काढावी लागते, नाहीतर उत्तर चुकतं.

सगळ्यांत देखणी, २१४.२ ग्रॅमची किल्ली पाण्यात ३२ भरली. घनता ६.७. पितळेची घनता साधारण ८.४ ते ८.७, लोखंडाची ७.८ च्या आसपास. ६.७ हे जस्ताच्या मिश्रधातूचं लक्षण, जे दाबानं साच्यात भरून स्वस्तात हजारोंनी वस्तू काढतात. अशा आठ निघाल्या. त्यांतल्या तीन वहिनींनी घासलेल्यांपैकी होत्या. आंबटानं त्यांचा पितळी मुलामा कडेनं उठला होता आणि खालचा राखाडी धातू काळवंडला होता. म्हणजे चिंचेनं इथे एक पुरावा दिलाही.

याच देखण्या किल्लीवर इंग्रजी अक्षरांत 'होळकर स्टेट इंदौर १७८०' असं लिहिलेलं होतं. लग्नाच्या वेळी विकणाऱ्यानं ती इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याची, तिथल्या १९८४ च्या आगीतून वाचलेली म्हणून सांगितली होती, आणि घरात ती गोष्ट बारा वर्षं अभिमानानं सांगितली जात होती. धाकट्यांचा चेहरा पाहून मला ते सांगणं जड गेलं, पण सांगितलं. १७८० मध्ये अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चालत होता. इंदूर राजधानी झाली ती १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. त्या काळच्या मराठी दरबारात कुलपावर इसवी सन आणि 'स्टेट' हा शब्द येणं शक्य नाही, तिथे शक, संवत किंवा फसली साल येईल. अक्षरं उठावाची, कडा मऊ, म्हणजे साच्यातच आलेली. ठशानं ठोकलेलं अक्षर आत जातं आणि त्याच्या काठाशी धातू किंचित उचलला जातो, नखाला तो जाणवतो. शेवटचं म्हणजे जस्ताचं हे मिश्रण ३८५ अंश सेल्सिअसच्या सुमाराला वितळू लागतं. जिथे लाकडी मजले जळले तिथून ते नक्षीसकट बाहेर येत नाही.

बाकीच्या पितळी आणि लोखंडी किल्ल्यांसाठी भिंग घेऊन बसलो. इथे दोन दिवस गेले, आणि खरा आनंदही इथेच होता.

किल्लीचे दात पाहिले की ती कुलपासाठी केली की टांगण्यासाठी, हे बरंचसं कळतं. कुलपाच्या पोटात अडसर असतात, त्यांना चुकवायला दातांत खाचा लागतात. त्या खाचा कारागीर एकेक कानसून काढतो, म्हणून तळाशी कानसेच्या सरळ बारीक रेघा आणि कोपरे तीक्ष्ण असतात. सजावटीच्या किल्लीत खाच साच्यातूनच येते. कोपरे गोल, तळ खडबडीत, आणि पुष्कळदा दात इतके जाड की कुठल्याच कुलपाच्या भोकात जाणार नाहीत. नळीच्या किल्लीत भोक पाहावं. खऱ्या किल्लीत ते खोल जातं, कारण कुलपातली खुंटी त्यात बसायची असते. आमच्याकडच्या तीन 'नळीच्या' किल्ल्यांत आगकाडीचं नुसतं टोक आत गेलं.

मग झीज. रोज वापरलेल्या किल्लीची कडी आतून एकाच जागी पातळ होते, जिथे ती जुडग्याच्या वळ्यात लोंबते. अंगठा दाबतो ती बाजू गुळगुळीत होते. दाताची जी कड खटका ढकलते ती गोलसर होते, बाकीच्या कडा टोकदार राहतात. नक्कल करणारा किल्ली घासून, ठोकून म्हातारी करतो, पण ती सगळीकडून सारखी म्हातारी होते. गंजाचंही तसंच. मीठ-पाण्यानं घाईनं आणलेला गंज नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा असतो. जुना गंज काळसर तपकिरी, घट्ट धरलेला. नंबर ४ च्या दांडीवर दात जोडलेल्या जागी पितळेच्या डागाची, म्हणजे सांधा जोडायला वितळवून भरलेल्या पितळेची, केसाएवढी पिवळी रेघ होती. लोहारानं घडवलेली किल्ली, वजन ८८.४ ग्रॅम, पाण्यात ११.४. घनता ७.७५, घडीव लोखंडाला साजेशी. ती हातात घेतली तेव्हा मी घटकाभर काहीच बोललो नाही.

जुळ्या शोधणं हीसुद्धा चांगली परीक्षा. एकाच मूळ नमुन्यावरून साचे निघाले की त्याचे दोषही सोबत येतात. सजावटीच्या ढिगात दोन पितळी किल्ल्यांच्या कडीवर नेमक्या त्याच जागी तोच खड्डा होता. हातानं केलेल्या दोन किल्ल्यांत असं होत नाही.

सदतीसांतल्याच दोन वस्तू भंगाराच्या पिशवीतून परत आल्या. एक मळसूत्र पाडलेली सळई, जिला सगळे तुटका बोल्ट समजत होते. दुसरी भोकं पाडलेली लोखंडी पट्टी. सळई ही मळसूत्री कुलपाची किल्ली. ती फिरवत आत नेली की खटका मागे ओढला जातो. पट्टी ही स्प्रिंगच्या कुलपाची. ती सरकवली की आतल्या पसरलेल्या पाती मिटतात आणि कोयंडा निघतो. आपल्याकडची जुनी लोहारी कुलपं पुष्कळदा या दोन जातींची. किल्ली म्हणजे कडी, दांडी आणि दात, हे चित्र डोक्यात ठेवलं तर आपल्याच घरची किल्ली ओळखू येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चार किल्ल्या अगदी साध्या, नंबर ठोकलेल्या, लोखंडी कपाटांच्या आणि बाजारच्या कुलपांच्या. जुन्या, पण पुरातन म्हणाव्या अशा नाहीत, नकलीही नाहीत. हा तिसरा ढीग करावाच लागतो. नाहीतर दोन्हीकडे गडबड होते.

अकरा नंबरची किल्ली

इथे मी चुकलो. नंबर ११ लोखंडी, भरीव दांडीची. कडीच्या आतल्या बाजूला साच्याची रेघ स्पष्ट दिसत होती. वजन १४१, पाण्यात १९.३, घनता ७.३. म्हणजे बीड. सजावटीच्या ढिगात अशा बिडाच्या दोन होत्याच, मी हिलाही त्यांच्यात टाकलं आणि वहीत 'आणलेली' असं लिहिलं. सजावटीच्या पंधरा झाल्या. आत्येभावासाठी त्यांतल्या पाच काढल्या, त्यांत ही गेली.

बॅग भरायच्या आदल्या संध्याकाळी आत्यांना भेटायला गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही. सहज म्हणून पाचही किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. चार त्यांनी लगेच बाजूला ठेवल्या. पाचवीवर अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही देवघरामागच्या कोठाराची. शेवटाला जरा वर उचलायची, नाहीतर अडते. वैनी मला सारखी ओरडायची, दार धसमुसळेपणानं उघडतेस म्हणून." त्यांची वैनी म्हणजे वहिनींच्या सासूबाई.

घरी येऊन भिंगाखाली पुन्हा पाहिली. रेघ फक्त कडीच्या आत होती. दांडीवरची आणि दातांवरची रेघ कोणीतरी कानसून साफ केली होती, कारण तिथे ती कुलपात अडली असती. खाचा कानसलेल्या होत्या. आणि दाताचा एक कोपरा बाकीच्यांपेक्षा जास्त झिजला होता, किल्ली वर उचलून फिरवली तर झिजेल तोच. हे सगळं पहिल्या दिवशीही तिथे होतं. मला रेघ दिसली आणि मी पुढे पाहिलंच नाही.

ओतकाम शिकवणाऱ्या माणसानं हे विसरायला नको होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात वॉल्व्हरहॅम्प्टन-विलेनहॉलच्या कुलूपवाल्यांकडे किल्ल्या आणि कुलपांचे भाग ओतून, मग भट्टीत दीर्घकाळ तापवून चिवट केलेल्या बिडाचे होत असत. ठोकसाच्यात, म्हणजे तापलेलं लोखंड साच्यात ठोकून, काढलेल्या किल्लीलाही कडेनं रेघ येते. रेघ दिसली म्हणजे किल्ली साच्यातून आली, एवढंच ठरतं. साचा दीडशे वर्षांपूर्वीचा की परवाचा, ते ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले आणि मी वाड्यावर गेलो. कोठाराचं दार अजून जागेवर होतं. भोकातली धूळ फुंकून काढली, पेन्सिलीच्या शिशाची पूड आत सोडली, किल्ली घातली. जोर करायचा नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण जुन्या किल्लीचा दात तुटला तर सगळंच गेलं. पाऊण फेरा झाला आणि अडली. थोरल्यांनी ती केसभर वर उचलली. खटका मागे गेला.

निकाल

शेवटचा हिशोब असा झाला: घरच्या जुन्या १७, साध्या अलीकडच्या ४, सजावटीच्या १४, आणि दोन अनिर्णित. त्या दोन्ही चिंचेनं घासलेल्या पितळी किल्ल्या आहेत. घनता पितळेची, खाचा कानसलेल्या, पण झिजेच्या कडा घासण्यानं पुसल्या गेल्या आहेत आणि थर उरलेला नाही. दोन्ही बाजूंनी बोलता येतं, म्हणून मी निर्णय दिला नाही.

व्यापाऱ्याला वहिनींनी स्वतः फोन करून सांगितलं की फक्त सजावटीच्या आहेत, तशाच म्हणून घ्या. त्यानं नऊ घेतल्या, ३,००० रुपयांना. आत्येभावाला चार गेल्या, आणि सोबत चिठ्ठी, की या लग्नाच्या मांडवाच्या. त्याला ते आवडलं, त्या लग्नाला तो आला होता. 'राजवाड्याची' किल्ली धाकट्यांनी स्वतःकडे ठेवली. मुलीच्या लग्नाची आठवण म्हणून.

सतरा किल्ल्यांची वाटणी न करण्यावर चौघं एकमत झाले, हे मला महत्त्वाचं वाटतं. थोरल्यांच्या कपाटात त्या मलमलीत गुंडाळून आहेत, नंबर, वजन, फोटो आणि आत्यांनी सांगितलेल्या आठवणींच्या वहीसकट. लोखंडी किल्ल्यांवर मेणाचा अगदी पातळ हात दिला आहे, गंज पुढे सरकू नये म्हणून. कोठाराचं कुलूप पाटीसकट उतरवून घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात काट्यानं आणि भिंगानं झाली, ती आत्यांपासून व्हायला हवी होती. ज्या हातांनी किल्ल्या वापरल्या ते हात दोन गल्ल्यांवर होते आणि आम्ही चार दिवस घनता काढत बसलो. घनता चुकीची नव्हती. पण नंबर ११ च्या बाबतीत तिनं माझ्या घाईला आकड्याचा आधार दिला.

वहीत 'आणलेली' असं लिहिण्याआधी प्रत्येक किल्लीला किमान तीन वेगळ्या खुणांनी तपासायचं, असा नियम मी घालायला हवा होता. धातू, खाचा आणि झीज. तिन्ही एका बाजूला बोलत नसतील तर ती अनिर्णित. नंबर ११ पहिल्याच दिवशी अनिर्णितात गेली असती आणि बॅगेच्या इतकी जवळ पोचली नसती.

सगळ्यात मोठी चूक मात्र किल्ल्यांच्या बाहेरची आहे. मी येण्याआधी महिनाभर वाड्याची अकरा जुनी दारं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकली गेली होती, कुलपांसकट. किल्ली आणि कुलूप एकत्र असतील तर कसल्याच तर्काची गरज उरत नाही, कोठाराच्या दारानं ते दाखवलंच. सतरांपैकी फक्त पाचांची कुलपं घरात सापडली. मळसूत्री कुलूप धान्याच्या कोठीच्या तळाशी होतं, आणि सळई त्यात फिरली. बाकी बारा किल्ल्या कुलपाविना आहेत.

त्या लाकडाच्या व्यापाऱ्याला थोरल्यांनी फोन केला. सात दारं गेली, चार अजून गोदामात आहेत, आणि दोन दारांना कुलपं तशीच आहेत म्हणाला. येत्या रविवारी आम्ही बारा किल्ल्या, शिशाची पूड आणि अनिर्णित दोनांचं पाकीट घेऊन तिकडे जाणार आहोत. आत्यांनाही यायचं आहे.